वाचनालयातील संगणक आणि आपली अपंग मुले
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘वाचनालय व विद्यार्थी’ असा विषय दिला होता. त्यातल्या एकाच कोपऱ्याविषयी बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. तो कोपरा म्हणजे अपंग वाचक आणि इंटरनेट. सरकारी कागदावर आता दिव्यांग हा शब्द आहे. माझ्या तोंडी जुनाच बसला आहे, राग मानू नये.

सांगली जिल्ह्यातील एका वाचनालयात मी काही वर्षे काम केले. तेथे अगदी अंधुक दिसणारी, अकरावीतली एक मुलगी आपल्या अब्बांबरोबर येत असे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मी म्हटले, “बस बेटा, मी भरून देतो.” दहा मिनिटांत अर्ज झाला. मोबाईल नंबर माझा, पासवर्डही माझ्याच वहीत. अब्बांनी हात जोडले. मलाही मोठे पुण्य पदरी पडल्यासारखे वाटले. पुढे अर्जात त्रुटी निघाली. दुरुस्तीचा संदेश माझ्या मोबाईलवर आला आणि मी त्या आठवड्यात लग्नकार्यासाठी सोलापूरला होतो. संदेश पाहिलाच नाही, मुदत टळली, वर्षाची शिष्यवृत्ती गेली. मुलगी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “सर, मला शिकवलं असतं तर मीच पाहिलं असतं.”

त्यानंतर शिकायची पाळी माझी होती. एनव्हीडीए नावाची एक संगणक प्रणाली आहे. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तिचे काम सुरू केले, कारण बाजारातल्या अशा प्रणाली फार महाग होत्या. ही फुकट मिळते. तिच्यासोबत येणारा आवाज मराठी वाचतो, उर्दूही वाचतो. आवाज थोडा यंत्री आहे, पण चार दिवसांत कानाला सवय होते. माऊस लागत नाही. एच दाबले की पुढचे शीर्षक, एफ दाबले की अर्जातला पुढचा रकाना, कंट्रोल दाबले की आवाज बंद. अँड्रॉइड मोबाईलमध्ये हेच काम करणारे टॉकबॅक बहुधा आधीच असते. ज्याला थोडे दिसते त्याने कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून अक्षर मोठे करावे. ज्याचा एकच हात चालतो त्याने शिफ्ट पाच वेळा दाबावे. मग दोन कळा एकदम धराव्या लागत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी बोललेले शब्द अक्षरांत उमटवणारे मोबाईल ॲप आहे, त्याला मराठी कळते.

अडचण यंत्रापेक्षा आपल्या कागदांत जास्त आहे. छापील पान स्कॅन करून टाकले की यंत्राला ते नुसते चित्र दिसते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी ते भलतेच काहीतरी वाचते. उर्दूचे इनपेजमधले मजकूरही तसेच. म्हणून शाळेच्या सूचना, प्रश्नसंच युनिकोडमध्येच टंकावेत, ही शिक्षकांना विनंती.

हे कोणी उपकार म्हणून करायचे नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि माहिती वापरता येईल अशा रूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. त्याच वर्षी अंध वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे इंटरनेटवरचे ग्रंथालय सुरू झाले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर अशा सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणीच अंध झाले आणि १९५० साली त्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. पण त्यांना आयुष्यभर कोणीतरी वाचून दाखवावे लागले. आपल्या मुलांच्या खिशात आज तो वाचणारा आहे.

पुढच्या वर्षी त्याच मुलीने आपला अर्ज स्वतः भरला. नंबर अब्बांचा, पासवर्ड तिच्या डोक्यात. दोन तास लागले. मी शेजारी हात मागे घेऊन बसलो होतो, आणि खरे सांगतो, कळफलक ओढून घ्यावा असे चारदा वाटले. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र ओळखण्यापाशी ती अडली. तेवढी सहा अक्षरे मी वाचली, ती तिने टंकली.

अध्यक्षांनी घंटा वाजवली आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पालकांनी आपल्या गावच्या वाचनालयात, ते अ वर्गाचे असो की ड वर्गाचे, एकदा जाऊन विचारावे की संगणकावर वाचून दाखवणारी प्रणाली बसवली आहे का. नसेल तर लेखी अर्ज द्यावा. मुलाला बरोबर न्यावे आणि इयरफोन घरून घ्यावा. वाचनालयात तो सहसा नसतो.