बीटी बियाणे : लाभ आणि शिस्त



मृग जवळ आला की नांदेडच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानांपुढे माणसांची रीघ लागते. किनवट, हदगाव, भोकरकडचा शेतकरी सरकीची पाकिटे मागतो. तिकडे लातूरला औसा, निलंगा, अहमदपूरचा शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासत बसलेला असतो. दोन्ही जिल्हे शेजारचे, पाऊस तसाच बेभरवशाचा. पण त्यांचे प्रश्न निराळे आहेत. नांदेडचा शेतकरी विचारतो, 'बीटी कापसात बोंडअळी येणार नाही असे सांगत होते, मग आता ती का येते?' लातूरचा शेतकरी विचारतो, 'जनुक बदललेले सोयाबीन आम्हाला पेरू देत नाहीत, मग त्याची पेंड परदेशातून का आणू देतात?' या दोन प्रश्नांच्या वाटेनेच आज आपण जाऊ.

आधी हे बियाणे म्हणजे काय ते पाहू. पीक आणि जनावर सुधारण्याचे काम माणसाने काल-परवा सुरू केलेले नाही. आपल्याकडची देवणी गाय आणि लाल कंधारी बैल हे पिढ्यान्‌पिढ्या निवडून पारखलेले धन आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात 'नांदेड-४४' हा संकरित कापूस दिला, तोही निवडीतून आणि संकरातून. पण या साऱ्या कामात एक बांध होता. गाईला गाईचाच वळू, कापसाला कापसाचेच पराग. जनुकीय बदल केलेल्या पिकात हा बांध ओलांडला जातो. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाणूचे जनुक, म्हणजे गुणाचे बीज, कापसात आणून बसविले. त्या जीवाणूचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचीच आद्याक्षरे म्हणजे बीटी.

या जनुकामुळे कापसाच्या झाडात एक प्रथिन तयार होते. बोंडअळीने पान किंवा पाते कुरतडले की ते तिच्या पोटात जाते. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी, म्हणजे खारट सोड्यासारखा असतो. त्यात ते प्रथिन विरघळते, आतड्याला भोके पाडते आणि अळी खाणे सोडून मरते. माणसाच्या किंवा बैलाच्या जठरातला रस आम्ल असतो आणि या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागाही तेथे नसते. म्हणून जे अळीला विष ते आपल्याला नव्हे.

हे एवढेच त्याचे काम, ही गोष्ट नीट ध्यानात धरावी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा इलाज नाही. पावसाने ताण दिला तर बीटीचे झाडही माना टाकते. ते पीक वाढवीत नाही, अळीच्या तोंडी जाणारे पीक वाचविते.

आणि ते वाचविले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. पहिले तीन वाण आपल्या मराठवाड्यातल्या, जालन्याच्या महिको कंपनीचे होते. त्यापूर्वी हिरव्या अमेरिकन बोंडअळीने शेतकऱ्याला रडकुंडीस आणले होते. फवारणीवर फवारणी करूनही बोंडे पोखरलेलीच निघत. २००१-०२ साली देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघे. २००७-०८ मध्ये हा आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. याचे सारे श्रेय एका जनुकाला देता येणार नाही. नवे संकरित वाण, खते, गुजरातेतले वाढलेले पाणी, हेही त्यात आहे. पण बोंडअळीवरची फवारणी घटली आणि पदरात कापूस पडला, हे खरे.

मग बिघडले कोठे? येथे अमेरिकन बोंडअळी नव्हे, तर शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळी पुढे येते. ही अळी मुख्यतः कापसावरच जगते आणि बोंडाच्या आत शिरून सरकी खाते. बाहेरून बोंड सुरेख दिसते, फोडले की आत नासाडी. २००६ साली दोन जनुकांचे दुसऱ्या पिढीचे बीटी आले, तरी पुढे ही अळी त्यालाही पचवू लागली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिने जो कहर केला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. उभ्या पऱ्हाटीत नांगर घालणारे शेतकरी आपल्याच जिल्ह्यांतले होते.

असे का झाले? शिक्षक मित्रहो, हा भाग वर्गात सांगण्याजोगा आहे. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जिला हे प्रथिन बाधत नाही. बाकी मरतात, ती उरते. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाशी जोडला गेला तर सारी पिलावळ तशीच निपजते. म्हणून सुरुवातीपासून नियम असा होता की, बीटीच्या कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतले जे अधिक असेल तेवढा साधा कापूस लावावा. तेथे साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जोडले जातात. तिखट कालवणात पाणी घातल्यावर तिखटपणा उतरावा, तसा त्या पिलावळीचा चिवटपणा उतरतो. यासाठी पाकिटासोबत साध्या सरकीची छोटी पुडी मिळे. पण किती जणांनी ती लावली? 'किडीसाठी का पेरायचे?' म्हणून ती बहुधा बांधावरच पडली. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला पाच ओळीही जड जातात, हेही खरेच. म्हणून पुढे बीटी सरकीतच थोडी साधी सरकी मिसळून एकच पाकीट देण्याची रीत आली.

दुसरे कारण आपल्या संकरित वाणातच आहे. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. मेंडेलच्या नियमाप्रमाणे, एका जनुकापुरते बोलायचे तर, चार सरक्यांत एक सरकी त्या जनुकाविना निघते. बोंडातल्या अळीला कोठे विष भेटते, कोठे भेटत नाही, आणि ती हळूहळू सरावते. तिसरे कारण फरदड. पाणी असले की कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवायचा, म्हणजे अळीला वर्षभर घरबसल्या जेवण.

याच अळीची गोष्ट अमेरिकेत निराळी घडली. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी बीटीच्या जोडीला साधा कापूस नेमाने राखला, हंगाम संपताच पऱ्हाट्या नष्ट केल्या. पुढे वांझ केलेले पतंग विमानाने सोडण्यात आले. २०१८ साली त्या देशाने गुलाबी बोंडअळी संपली असे जाहीर केले. अळी तीच, जनुकही तेच. फरक होता तो सर्वांनी मिळून पाळलेल्या शिस्तीचा.

आता कायद्याकडे वळू. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि जनुक बदललेल्या जिवांविषयीचे नियम १९८९ चे. त्यांप्रमाणे प्रयोगशाळा, बंदिस्त चाचणी, शेतावरची चाचणी, खाद्य म्हणून तपासणी अशा पायऱ्या चढून वाण दिल्लीच्या समितीपुढे जातो. सरकीच्या पाकिटाचा कमाल दरही सरकार ठरविते. हा सारा खटाटोप कशासाठी? एकदा शेतात सोडलेले जनुक परत बोलावता येत नाही. पराग शेजारच्या शेतात जातो, बांध पाहत नाही.

पण नियम म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये मान्यता दिली, २०१० मध्ये सरकारने ते थांबविले. बांगला देशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते पिकवीत आहेत. परवानगी द्यायची नसेल तर कारण सांगावे, द्यायची असेल तर वेळेवर द्यावी, ही शेतकऱ्याची मागणी रास्त आहे. कायदा थांबून राहिला की चोरबाजार चालू लागतो. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला परवानगी नाही, तरी त्याची सरकी लपूनछपून विकली जाते. २०१९ साली अकोला जिल्ह्यात अकोटजवळ शेतकऱ्यांनी ती उघडपणे लावून आंदोलनच केले. खुरपणीची मजुरी परवडत नाही, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. पण अशा पाकिटाला पावती नसते. उगवले नाही तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय त्या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने शेजाऱ्याच्या तुरीवर गेला, तर तूर जळणार ती शेजाऱ्याची.

आता लातूरकरांचा प्रश्न. आपल्या देशात जनुक बदललेले सोयाबीन पेरण्यास परवानगी नाही. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडी उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन पेंड आयात करण्यास सरकारने मुभा दिली. त्या सुमारास लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होता. नवा माल येता येता तो जवळजवळ निम्म्यावर उतरला. आयात आणि नवी आवक, दोन्हींचा तो परिणाम. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर दळलेली पेंड मातीत उगवत नाही, म्हणून पेरणीचा धोका तिला लागू नाही. पण भावाचा धोका तर आहे! पर्यावरण तपासणारी समिती भाव तपासत नाही. म्हणून असा निर्णय काढणीच्या तोंडावर होऊ नये, हे ठासून सांगण्याचा हक्क लातूरच्या शेतकऱ्याला आहे.

त्याचा आणखी एक हक्क आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि छाप न लावता विकण्याचा अधिकार दिला आहे. सोयाबीन सरळ वाणाचे, म्हणून घरचे बियाणे चालते. संकरित सरकी मात्र दर वर्षी विकत घ्यावी लागते. याच कारणाने परभणीच्या कृषी विद्यापीठाने नांदेडच्या केंद्रात बीटी कापसाचे सरळ वाण तयार केले आहेत : एनएच १९०१, १९०२ आणि १९०४. सरळ वाणात जनुक दोन्ही बाजूंनी असते, म्हणून बोंडातल्या साऱ्या सरकीत ते सारखे उतरते आणि सरकी पुढच्या वर्षी राखता येते. कोरडवाहू रानात या वाणांची परीक्षा आपणच घ्यायची आहे.

शेवटी हाताशी असलेल्या चार गोष्टी. बियाणे पावतीशिवाय घेऊ नका. पावती, रिकामे पाकीट आणि मूठभर सरकी हंगाम संपेपर्यंत जपा, कारण तालुक्याच्या तक्रार समितीपुढे तोच तुमचा पुरावा. कापूस जूनपूर्वी लावू नका. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की हालचाल करा. मिटलेल्या गुलाबासारखी डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर पीक संपवा, आणि पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर रचू नका.

आणि गुरुजी, एक काम तुमच्याकडे. बियाण्याचे एक पाकीट वर्गात आणा. त्यावरचा गट क्रमांक, उगवणशक्तीचा आकडा, मुदत, वाणाचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. सातवीतले पोर घरी जाऊन बापाला पाकीट वाचून दाखवू लागले, तर दिल्लीचा नियम तुमच्या गावच्या बांधापर्यंत पोचला असे समजा. एकट्याच्या शेतात शिस्त पाळून अळी हटत नाही. शिवारातल्या सर्वांनी ती पाळावी लागते. यंदाच्या पेरणीआधी चावडीवर बसून एवढे तरी एकदा ठरवावे, अशी माझी आपणां सर्वांना विनंती आहे.