पस्तीस जणींचं घर

(स्वारगेट इथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण बसलो आहोत तिथून गंज पेठेतला महात्मा फुले वाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव यांचं हे घर. १८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. आज हे घर सरकारी संरक्षित स्मारक आहे. आवारात जोतीरावांची समाधी आहे, आत त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं आहेत.

सल्लाकेंद्रात काम करणारी मी तिथे जाते, तेव्हा मला आठवतं ते १८६३ मधलं बालहत्या प्रतिबंधक गृह. दिवस गेलेल्या विधवेपुढे तेव्हा दोनच वाटा असत : मूल मारायचं, नाहीतर स्वतः विहीर जवळ करायची. या दोघांनी तिसरी वाट काढली. गुपचूप या, बाळंत व्हा. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

१८८४ साली सरकारला पाठवलेल्या निवेदनात जोतीरावांनी लिहून ठेवलं, की अशा ३५ जणी तिथे येऊन बाळंत झाल्या. लिहिलं म्हणून निदान आकडा तरी उरला. त्या काय बोलल्या, कुणी फसवलं, पुढे कुठे गेल्या, हे मात्र त्यांच्याबरोबरच गेलं.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे आपल्या हाती आलं. छापील पुस्तकाची ही गत, तर आपल्या वह्यांचं काय?

आपल्या गटांचे कागद कुठे आहेत? कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली. भाड्याची खोली सुटली की पत्रकं, मोर्च्याचे फोटो, केसच्या वह्या रद्दीत जातात.

कुणी म्हणेल, बाईचं नाव गुप्त राहायला हवं. हवंच. त्या ३५ जणी आल्या त्या गुप्ततेच्या भरवशावरच. पण नाव झाकणं वेगळं आणि हकीकत पुसणं वेगळं.

म्हणून माझी सूचना : प्रत्येक गटानं दोघींवर कागदांची जबाबदारी सोपवावी. पत्रकं, फोटो, इतिवृत्तं यांची यादी करावी. केसच्या वह्या कुलपात ठेवाव्यात, आणि त्यातलं काही बाहेर द्यायचं तर त्या बाईला विचारूनच. वाडा सरकार सांभाळतंय. आपल्या वह्या आपल्यालाच सांभाळायच्या आहेत.