पिशवी, कोयता आणि प्रश्न कुणाचा?

एमएसडब्ल्यू करणाऱ्यांच्या अभ्यासक्रमात ‘सामाजिक समस्यांचे सिद्धांत’ नावाचं एक प्रकरण असतं. व्याख्या, वैशिष्ट्यं, गुण-दोष. पाठ करायचं, पेपरात उतरवायचं आणि विसरायचं. मला हे फार वाया गेल्यासारखं वाटतं. कारण फील्डवर तुम्ही पहिल्या दिवशी काय करणार, हे तुमच्या डोक्यात कुठला सिद्धांत बसलाय त्यावर ठरतं. आणि तो बसलेला असतोच, तुम्ही पुस्तक उघडलेलं असो वा नसो.

आज सगळे सिद्धांत मोजत बसणार नाही. एकच प्रश्न घेऊ, आपल्या बीडचा.

२०१९ मध्ये बातम्या आल्या की बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रिया भलत्याच जास्त होतायत. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहातली एक. देशपातळीवर १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पाहणीची पद्धत आणि वयोगट वेगळे असतील, तरी फरक डोळ्यात भरणारा आहे.

आता, का?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: ‘अहो, अज्ञान! बायका शिकलेल्या नाहीत, डॉक्टरनं घाबरवलं की तयार होतात.’ मग उपाय काय? जनजागृती. पोस्टर, पथनाट्य, सॅनिटरी पॅडचं वाटप, फोटो.

विल्यम रायन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७१ मध्ये ‘ब्लेमिंग द व्हिक्टिम’ या पुस्तकात नेमकी हीच सवय पकडली. तो दुष्ट माणसांबद्दल बोलतच नाही, तो भल्या माणसांबद्दल बोलतो. आधी पीडित लोक आपल्यापेक्षा कुठे वेगळे आहेत ते शोधायचं. मग तो वेगळेपणा हेच समस्येचं कारण ठरवायचं. आणि मग त्या लोकांना बदलायचा कार्यक्रम आखायचा. आपले कितीतरी प्रकल्प-अहवाल या साच्यात अगदी फिट्ट बसतात, नाही का?

आता थोडं फडात जाऊ. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाऊन ऊस तोडून फेडायची. दोघांपैकी एकानं सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर दंडही लागतो. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचं. पाळी असो, पोटुशी असो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंच. मग जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, पोट दुखतं. बाई खासगी दवाखान्यात जाते आणि तिथे ऐकते, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’

तिचा हिशोब बघा. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. हे अज्ञान आहे? मला तरी हा कोंडीत सापडलेल्या माणसाचा चोख हिशोब वाटतो. फक्त शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा मुकादमाच्या उचलीतून येतो, म्हणजे पुढचा हंगामही बांधला गेला. आणि नंतर कंबर धरते, हाडं दुखतात, ते वेगळंच.

सी. राइट मिल्सनं १९५९ मध्ये बेकारीचं उदाहरण देऊन सांगितलं होतं: मोठ्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याच्या अंगी काय कमी आहे ते बघा, पण लाखो बेकार असतील तर रचनेकडे बघा. १३,८६१ जणींची अडचण खासगी राहत नाही. संघर्षवादी मांडणी याच्या एक पाऊल पुढे जाऊन विचारते की या रचनेत फायदा कुणाचा? कारखान्याला हंगामात अखंड तोड मिळते आणि मजूर कागदावर त्याचा कामगारही नसतो, कारण मध्ये मुकादम उभा असतो.

पण मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो तो हर्बर्ट ब्लूमर. १९७१ च्या त्याच्या लेखातला मुद्दा असा, की त्रास अस्तित्वात असला म्हणून तो आपोआप ‘सामाजिक समस्या’ होत नाही. समाजानं त्याला समस्या म्हणावं लागतं. त्यानं पाच टप्पे सांगितले: प्रश्न वर येतो, त्याला मान्यता मिळते, लोक त्यावर एकत्र येतात-भांडतात, सरकारी योजना ठरते आणि ती राबवली जाते. गंमत म्हणजे (गंमत कसली!) प्रत्येक टप्प्यावर प्रश्नाचा अर्थ बदलत जातो.

बीडला लावून बघा. शस्त्रक्रिया २०१९ मध्ये सुरू झाल्या नाहीत. गावात सगळ्यांना माहीत होतं, महिला कार्यकर्त्या बोलत होत्या. बातमी झाली, समिती आली, मान्यता मिळाली. मग पुढे नियम झाला की खासगी दवाखान्यानं गर्भाशय काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. नियम गरजेचाच होता. पण त्यानं प्रश्नाची व्याख्याही करून टाकली: ही डॉक्टरांची लबाडी आहे. खाडा आणि कोयत्याची जोडी या व्याख्येच्या बाहेर राहिली. परवानगीचा कागद पाळीच्या दिवशी मोळी खाली उतरवत नाही.

तसं बाकी काहीच झालं नाही, असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. वसतिगृहाकडे नीट बघा: मूल मागे सुरक्षित राहतं, तेव्हा मुलीचं लग्न लवकर उरकून टाकायची घाई कमी व्हायची शक्यता असते. इथे कुणाला ‘जागृत’ करायचं नाहीये, परिस्थिती बदलायची आहे.

तुमच्यापैकी कुणाचं फील्डवर्क यंदा बीड, जालना किंवा नगरकडे लागलं, तर माहिती गोळा करायच्या फॉर्मवर एक नजर टाका. त्यात बाईचं शिक्षण, लग्नाचं वय, मुलं किती, पॅड वापरते का, हे सगळं असेल. उचल किती, खाड्याचा दंड किती, कोपीपासून पाणी किती लांब, मजुरी कुणाच्या हातात पडते, हे रकाने आहेत का बघा. नसतील तर गाइडला विचारून स्वतः वाढवा. हंगामात गाव रिकामं असतं, त्यामुळे पाहणी दिवाळीच्या आधी नाहीतर थेट फडावर, एवढं लक्षात ठेवा.