पूर्वजाचा शोध : इंग्लंडमधील पॅरिश-नोंदवह्यांची साक्ष



मनुष्याला आपले आईवडील ठाऊक असतात, आजोबांविषयी त्याने घरात ऐकलेले असते. पणजोबांच्या पलीकडे मात्र बहुधा काळोख सुरू होतो. या काळोखात शिरून एखाद्या पूर्वजाचे आईबाप कोण होते हे निश्चित करावयाचे झाले, तर साधने कोणती आणि त्यांचा भरवसा किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. क्षेत्र इंग्लंडचे आहे आणि उदाहरण जगाला परिचित असलेल्या एका कुळाचे, म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कुळाचे आहे.

प्रथम साधनांचा विचार करू. इंग्लंडचा मुलूख पूर्वीपासून पॅरिशमध्ये विभागलेला होता. एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती म्हणजे एक पॅरिश. इ. स. १५३८ मध्ये राजा आठवा हेन्री याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकाने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद दर रविवारी एका वहीत करावी आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मोपदेशकाकडे व दुसरी चर्चच्या व्यवस्थापकांकडे. हा हुकूम लोकांना रुचला नाही. नावे लिहून घेतात त्या अर्थी नवा कर बसणार, अशी शंका खेड्यापाड्यांतून पसरली. राज्यकर्त्यांनी माणसे मोजावयास घेतली की रयतेच्या मनात हीच शंका उभी राहते. पुष्कळ ठिकाणी प्रारंभीच्या नोंदी सुट्या कागदांवर झाल्या व नष्ट झाल्या. पुढे १५९८ मध्ये या नोंदी चर्मपत्राच्या वह्यांत उतरवाव्यात आणि दरवर्षी त्यांची एक नक्कल बिशपकडे पाठवावी असे ठरले. त्या वेळी एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदींवर विशेष भर दिला गेला. त्यामुळे अनेक पॅरिशच्या वह्या आज १५५८ पासूनच सुरू झालेल्या दिसतात.

आपल्याकडे नाशिक, त्र्यंबकेश्वर आदी क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. त्यांत यजमान आपल्या पूर्वजांची नावे स्वतः सांगतो व ती वंशक्रमाने लिहिली जातात. इंग्लंडमधील पॅरिशच्या नोंदवहीचे स्वरूप याहून वेगळे आहे. तिला वंश ठाऊक नसतो. अमुक दिवशी अमुक मुलाचा बाप्तिस्मा झाला, एवढी एक घटना ती सांगते. पुष्कळदा त्यात पित्याचेच नाव असते, मातेचे नसते. वीस वर्षांनी त्याच नावाच्या तरुणाचा विवाह नोंदला गेला, तर तो तोच मुलगा होय असे नोंदवही सांगत नाही. दोन नोंदींमधील दुवा संशोधकाने जोडावयाचा असतो, आणि खरी जोखीम तेथेच आहे.

ही जोखीम वाढविणारी आणखी काही कारणे आहेत. इंग्रज कुटुंबांत जॉन, विल्यम, टॉमस अशी मोजकीच नावे पिढ्यान् पिढ्या फिरत राहतात. आडनावाचे लेखन स्थिर नसते. वर्षगणनेचाही घोटाळा आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून जानेवारी १६५२ असे वहीत लिहिले असेल, तर आपल्या गणनेने ते १६५३ समजावे लागते. त्याखेरीज १६४२ नंतरच्या यादवी युद्धात अनेक धर्मोपदेशक पदच्युत झाले, वह्या हरवल्या किंवा कोऱ्याच राहिल्या. १६५३ च्या कायद्याने नोंदीचे काम धर्मोपदेशकाकडून काढून निवडलेल्या नोंदणीदाराकडे दिले. १६६० मध्ये राजसत्ता परत येईपर्यंत हा गोंधळ चालू होता. ज्याचा पूर्वज नेमका या काळातला असेल, त्याच्या वाटेत मोठी दरी आडवी येते.

वॉशिंग्टन कुळाचा प्रश्न याच दरीच्या काठावरचा होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा जॉन हे १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात आले. त्यांचा भाऊ लॉरेन्स हाही पुढे तेथे स्थायिक झाला. हे दोघे इंग्लंडमधून आले एवढे कुटुंबात माहीत होते, परंतु कोणत्या गावाहून आणि कोणाचे पुत्र, हे कोणास सांगता येत नव्हते. १७९१ मध्ये इंग्लंडमधील वंशचिन्हांचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी खुद्द अध्यक्षांना पत्र लिहून कुळाची माहिती मागविली. १७९२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन यांनी उत्तर दिले. या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे त्यांनी मोकळेपणाने कळविले आणि आपले कूळ इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांतून आल्याचे ऐकिवात आहे, एवढीच पुस्ती जोडली.

हर्ड यांनी आपल्या दफ्तरातील वंशावळी तपासल्या. नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये सल्ग्रेव्ह येथे वॉशिंग्टनांचे एक घराणे होते. १५३९ मध्ये मठांच्या जप्त जमिनी विकल्या गेल्या, तेव्हा नॉर्दॅम्प्टनच्या लॉरेन्स वॉशिंग्टनने तेथील जहागीर घेतली होती. या घराण्याच्या पुढील पिढीत जॉन व लॉरेन्स असे दोन भाऊ आढळले. व्हर्जिनियातही जॉन व लॉरेन्स हेच दोन भाऊ! नावे जुळली, नाते जुळले, काळही ढोबळमानाने जुळला. हर्ड यांनी दोन्ही जोड्या एकच मानल्या आणि ही वंशावळ पाऊणशे वर्षे ग्रंथांतून छापली गेली.

तिला धक्का दिला तो कर्नल जोसेफ चेस्टर यांनी. चेस्टर हे जन्माने अमेरिकन, परंतु लंडनमध्ये राहून त्यांनी पॅरिश-नोंदवह्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या नोंदवह्यांची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. वॉशिंग्टन कुळाविषयीचा आपला निष्कर्ष त्यांनी १८६६ मध्ये मांडला. सल्ग्रेव्ह घराण्यातील जॉन हा सर जॉन होता, त्याला १६२३ मध्येच नाइट ही पदवी मिळालेली होती. व्हर्जिनियातील जॉनच्या नावामागे कोणत्याही कागदात 'सर' हे उपपद नाही. त्या घराण्यातील लॉरेन्स हा ऑक्सफर्डचा पदवीधर धर्मोपदेशक. व्हर्जिनियातील लॉरेन्स धर्मोपदेशक नव्हता. दोहोंच्या बायकामुलांची नावेही जुळत नव्हती. तेव्हा ही माणसे भिन्न आहेत हे उघड झाले. चेस्टर यांना जुन्या वंशावळीच्या जागी नवी उभी करून देता आली नाही. १८८२ मध्ये ते निवर्तले तेव्हा प्रश्न अनुत्तरितच होता. तथापि चुकीचे उत्तर दूर करणे हेही संशोधनच होय. त्यांनी ती जागा रिकामी केली नसती, तर पुढे कोणी शोध घेतलाच नसता.

बॉस्टन येथील न्यू इंग्लंड वंशेतिहास संस्थेने हेन्री वॉटर्स या संशोधकास १८८३ मध्ये लंडनला धाडले होते. वॉटर्स यांची पद्धत निराळी होती. एका माणसाच्या मागे न लागता ते जुन्या मृत्युपत्रांच्या राशी क्रमाने वाचीत व अमेरिकेचा उल्लेख येईल तेथे टिपण करीत. याच रीतीने १८८५ मध्ये त्यांनी जॉन हार्वर्ड यांच्या मातापित्यांचा छडा लावला. हार्वर्ड यांच्या मातेने पुढे दोनदा पुनर्विवाह केल्यामुळे तिचे आडनाव बदललेले होते. तिच्या मृत्युपत्रातील 'पुत्र जॉन हार्वर्ड' या शब्दांनी वाट दाखविली. पॅरिशच्या वहीत मात्र १६०७ मधील त्या बाप्तिस्म्याची नोंद 'हार्वी' अशा आडनावाने आहे. केवळ 'हार्वर्ड' शोधणाऱ्याच्या हाती ती लागली नसती.

वॉशिंग्टनांच्या बाबतीतही वॉटर्स यांना अशीच एक ओळ सापडली. १६७७ च्या मे महिन्यात एका लॉरेन्स वॉशिंग्टनच्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा अधिकार देण्यात आला होता; तो 'बेडफर्डशायरमधील लूटन येथील, परंतु व्हर्जिनियात मृत' असे त्याचे वर्णन होते. लूटनपासून हार्टफर्डशायरमधील ट्रिंग हे गाव फार दूर नाही. ट्रिंगच्या नोंदवहीत लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या गृहस्थाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे आढळले : १६३५ मध्ये लॉरेन्स, १६३६ मध्ये एलिझाबेथ व १६४१ मध्ये विल्यम. लिहिणाराने नावांचे लेखन प्रत्येक वेळी निराळे केले आहे. जॉनची नोंद मात्र नव्हती.

येथे मृत्युपत्रे साहाय्यास आली. ट्रिंगच्या अँड्र्यू नोलिंग याने १६५० मध्ये मृत्युपत्र केले. त्यात त्याने आपली सावत्र मुलगी अँफिलिस वॉशिंग्टन व तिची मुले यांची नावे दिली : लॉरेन्स, जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था. लॉरेन्स हा त्याचा मानसपुत्र असल्याने जमीन त्याला ठेवली. १६५५ च्या जानेवारीत अँफिलिसचे ट्रिंग येथे दफन झाले आणि १६५६ च्या फेब्रुवारीत तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार तिचा पुत्र जॉन याला मिळाला. त्यानंतर इंग्लंडमधील कागदांतून हा जॉन दिसेनासा होतो, आणि वर्षभरातच व्हर्जिनियात एक जॉन वॉशिंग्टन अवतरतो. त्याने १६७५ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात भाऊ लॉरेन्स याच्याबरोबर बहीण मार्था हिचाही उल्लेख आहे. केवळ जॉन व लॉरेन्स या जोडीवर हर्ड फसले होते. येथे बहीणही जुळली, गाव जुळले, काळ जुळला. १८८९ मध्ये वॉटर्स यांनी हा पुरावा प्रसिद्ध केला.

मग या मुलांचा पिता कोण? ट्रिंगच्या धर्मन्यायालयाच्या कागदांत लॉरेन्स वॉशिंग्टन याच्या नावापुढे एम. ए. ही पदवी आढळली. तो सल्ग्रेव्ह घराण्यातील तोच धर्मोपदेशक निघाला, ज्याला हर्ड यांनी व्हर्जिनियात पाठविले होते. हर्ड यांचे घराणे बरोबर होते, पिढी मात्र चुकली होती. पित्यालाच त्यांनी पुत्र मानले होते.

या पित्याची कहाणी चटका लावणारी आहे. तो ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयाचा फेलो होता. फेलोला विवाहाची मुभा नसे. १६३३ मध्ये ते पद सोडून तो एसेक्समधील पर्ली येथे धर्मोपदेशक झाला. १६४३ मध्ये पार्लमेंटच्या पक्षाने त्याला राजनिष्ठ व मद्यपी ठरवून पदच्युत केले आणि हा आरोप छापून प्रसिद्ध केला. पुढे १७१४ मध्ये जॉन वॉकर यांनी पदच्युत धर्मोपदेशकांविषयी ग्रंथ लिहिला, त्यात त्याला ओळखणाऱ्या एका न्यायदंडाधिकाऱ्याची साक्ष अगदी उलट आहे : हा गृहस्थ सज्जन व संयमी होता. लिटल ब्रॅक्स्टेड येथील अल्प उत्पन्नाच्या जागेवर त्याने अखेरचे दिवस काढले. मॉल्डन येथील चर्चच्या वहीत जानेवारी १६५२ मध्ये, म्हणजे आपल्या गणनेने १६५३ मध्ये, त्याच्या दफनाची नोंद आहे. आरोपाला ग्रंथात जागा मिळाली. माणसाला नोंदवहीत एक ओळ मिळाली. मुले ट्रिंगला आजोळच्या आधाराने वाढली व दोन मुलगे समुद्रापार गेले. कूळ कोठून आले याची आठवण तीन पिढ्यांत का पुसली गेली असावी, याचा अंदाज यावरून येतो.

ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या जॉनच्या बाप्तिस्म्याची नोंद अद्याप मिळालेली नाही. त्याचे पितृत्व भावंडांच्या नोंदींनी, सावत्र आजोबांच्या मृत्युपत्राने व आईच्या मालमत्तेच्या कागदाने सिद्ध झाले आहे. एखादी नोंद नसणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. तसेच नावाची नोंद सापडणे म्हणजे माणूस सापडणे नव्हे. ही दोन वाक्ये ध्यानात ठेवली, तर वंशशोधातील बहुतेक अनर्थ टळतील.

आता कोणी म्हणेल, की ज्या कुळात मृत्युपत्रे करण्याइतकी मालमत्ता होती, त्याचे हे ठीक आहे, गरिबांचे काय? त्यांच्यासाठी निराळे कागद आहेत. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर पडला. म्हणून अविवाहित स्त्रीला मूल झाले, तर त्याचा पिता कोण याची चौकशी पॅरिशचे अधिकारी कसून करीत आणि पोषणाचा खर्च देण्याविषयी त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेत. १६६२ च्या कायद्यानंतर परगावाहून आलेल्या गरिबाचे मूळ गाव कोणते याची तपासणी होऊ लागली. ही चौकशी दयेपोटी नव्हती, खर्च टाळण्यासाठी होती. तरीही बाप्तिस्म्याच्या नोंदीत जेथे पित्याच्या नावाची जागा कोरी आहे, तेथे कित्येकदा ते नाव या रूक्ष कागदांतून मिळते.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्ममृत्यूंची नोंदणी शासनाकडे गेली, आणि १९७८ च्या नियमानंतर पॅरिशच्या बहुतेक जुन्या वह्या परगण्यांच्या अभिलेखागारांत सुरक्षित आल्या. अनेक वह्यांची छायाचित्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. चेस्टर यांना ज्या गावी गाडी करून जावे लागे, ते गाव आज क्षणात समोर येते. परंतु नावे जितक्या वेगाने मिळतात, तितक्याच वेगाने चुकीची नावेही मिळतात. शोधणाऱ्याला जे हवे असते तेच आधी दिसते, हा धोका हर्ड यांच्या काळी होता तसाच आजही आहे. त्यावर उपाय जुनाच आहे. एक नोंद मिळाली की तिच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपणच शोधावा; त्या नावाचा दुसरा मुलगा शेजारच्या पॅरिशमध्ये नाही ना, हा मुलगा बालपणीच दफन झालेला नाही ना, हे पाहावे. या कसोट्यांतून जो तरेल त्यालाच पूर्वज म्हणावे, आणि कोणीच तरला नाही तर वंशावळीतील ती जागा प्रामाणिकपणे कोरी सोडावी.