रेंजर घ्यावी की सोडावी?



जाड टायरची, सरळ हँडलची सायकल दिसली की आपल्या नांदेड-लातूरकडे कंपनी कोणतीही असो, पुष्कळ लोक तिला 'रेंजर'च म्हणतात. मूळ रेंजर हीरो कंपनीची. १९९०च्या दशकात अशी सायकल दारात असणं म्हणजे पोराची मोठी ऐट होती. त्याच सायकली आता माळ्यावरून उतरून विक्रीला निघतात. कोणी हौसेनं घेतं, कोणी लेकराला शाळेसाठी घेतं. घ्यावी की नाही, हे कसं ठरवायचं?

गंमत अशी की या सायकलीचा जन्मच जुन्या सायकलीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवत. १९७६पासून त्यांची शर्यतच सुरू झाली. नाव 'रीपॅक'. उतारावर मागचा ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून हे नाव.

तेव्हा जुनी म्हणजे टाकाऊ, असं नव्हे. पण पारख हवी.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा. सायकल ठेवायची आहे की चालवायची? ठेवायची असेल तर मूळ रंग, मूळ स्टिकर, मूळ भाग यांना मोल. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. ते पाहिलं की हे पटतं. चालवायची असेल तर मात्र रंगाला भुलू नका. ताज्या रंगाखाली तडा लपलेला असू शकतो.

सुरुवात सांगाड्यापासून करा. हँडलखालच्या नळीला बाकीच्या नळ्या जिथे मिळतात, तिथे बोट फिरवा. रंग सुरकुतला असेल किंवा केसासारखी गंजाची रेघ असेल, तर सायकल कुठेतरी आदळलेली आहे असं समजा. बाजूला उभं राहून पुढचा चिमटा पाहा. तो मागे दबलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. मग चुंबक लावा. चिकटलं तर पाईप लोखंडी. किरकोळ दुरुस्ती चांगला मिस्त्री करू शकतो. अल्युमिनियमला तडा असेल तर गल्लीतल्या वेल्डिंगवर विसंबू नका.

सीटचा दांडा वर-खाली होतो का पाहा. वर्षानुवर्षं न हललेला दांडा गंजून नळीत धरून बसतो. चाक उचलून फिरवा. थोडा आऊट असेल तर तारा ताणून निघतो, रिम चेपलेली असेल तर नाही. क्रँक धरून आडवा हलवा. खडखड झाली तर छर्रे, एक्सल यांचा खर्च धरा.

चेनला फूटपट्टी लावा. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं, तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनच नव्हे, फ्रीव्हीलही बदलावं लागेल.

टायरवरचे आकडे नीट वाचा. '२६ × १.९५' आणि '२६ × १ ३/८' दोन्ही सव्वीसचेच, पण पहिल्याची रिम ५५९ मिलिमीटरची, दुसऱ्याची ५९०. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. रबराला भेगा असतील तर टायर-ट्यूब नवेच धरा. आपल्याकडचा सराटा आणि बाभळीचा काटा म्हाताऱ्या टायरची दया करत नाहीत.

आता हिशेब. मिस्त्रीला सोबत न्या, त्याची मजुरी द्या आणि दुरुस्तीचा अंदाज काढा. तो खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा. बेरीज साध्या नव्या सायकलीच्या जवळ गेली, तर चालवण्यासाठी ती जुनी सायकल महागच. पेडलच्या आसाखाली कोरलेला नंबर पाहा आणि विकणाऱ्याकडून नाव-नंबरासह पावती घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर सायकल कितीही देखणी असो, घेऊ नका.

रिम, चेन, टायर बदलता येतात. सांगाडा आणि चिमटा यांच्या बाबतीत मात्र घासाघीस नको. मुखेड-कंधारकडे बालाघाटच्या उतारावर लेकरू दप्तर घेऊन सायकल सोडतं, तेव्हा त्याचा सगळा भार त्या दोनच गोष्टींवर असतो. तिथे शंका आली, तर फुकट मिळाली तरी ती सायकल घरी आणू नका.