न दिसणारा रथ

माझा आजार डोळ्यांच्या पडद्याचा, सावकाश वाढणारा. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. कवितेचं त्यानं फारसं अडलं नाही. मनात रचायची आणि कुणाला तरी सांगून लिहून घ्यायची. अडलं ते नाटकाचं. अंधेरीहून पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह म्हणजे एकच स्टेशन. पण प्रयोग सुटल्यावर रात्रीचा तो पूल, ती गर्दी! शिवाय संगीत नाटकाचे प्रयोग आता लागतात तरी किती? म्हणून घरातला टीव्ही हेच माझं नाट्यगृह, आणि प्रयोगांची चित्रमुद्रणं हेच माझं नाटक.

लोक म्हणतात, संगीत नाटक ना, मग ते ऐकायचंच तर असतं! हे अर्धंच खरं.

नाट्यगृहात बसलं की मला रंगमंच समजतो. नट बोलता बोलता पुढे आला की पाठ फिरवून आत गेला, हे पावलांवरून आणि आवाजावरून कळतं. चित्रमुद्रणात मात्र माईक सगळ्यांना एकाच जागी आणून उभं करतो. राजा आणि सेवक दोघंही टीव्हीच्या त्याच कोपऱ्यातून बोलतात. प्रेक्षक हसले की काहीतरी घडलं एवढं कळतं. काय घडलं, ते नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब, फैयाज यांची झरीना. खाँसाहेबांचं उर्दू वळणाचं मराठी कानी पडलं की मला आमच्या आजोबांची बैठक आठवते. गाण्यात मला काहीच कमी पडत नाही. पण नाटकाच्या नावातच जी वस्तू आहे, ती कट्यार? दरबारी गायकाला मिळालेली, एक खून माफ असलेली. ती कमरेला आहे, हातात आली की पुन्हा म्यानात गेली? तिला आवाज नाही. साऱ्या नाटकाला जिचा धाक, तीच माझ्यापुरती गायब.

बायको शेजारी बसून सांगते. छान सांगते, पण तिच्या आवडीचं: शालूचा रंग, काठ, नाकातली नथ. आणि नेमक्या क्षणी स्वतःच गाण्यात रंगून गप्प होते. तिनंही नाटक बघायचं की नाही?

गंमत म्हणजे जुनी नाटकं मला नव्यांपेक्षा जास्त दिसतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ संगीतात आणलं, ते मूळ कालिदासाचं. त्यात हरणामागे धावणारा रथ रंगमंचावर नसतोच. त्याचा वेग राजा आणि सारथी शब्दांनी सांगतात. शकुंतलेला भुंगा त्रास देतो, तेही तीच बोलते. त्या रथापुढे डोळस प्रेक्षक आणि मी अगदी बरोबरीचे. पुढे दिवे वाढले, नेपथ्य वाढलं, कॅमेरा चेहऱ्याजवळ आला आणि शब्दांनी सांगायचं काम हळूहळू कमी झालं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२व्या कलमात ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे. ध्वनिवर्णन म्हणजे संवादांमधल्या मोकळ्या जागेत निवेदकानं दृश्य थोडक्यात सांगणं. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं चित्रपटगृहांतल्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्या चित्रपटांच्या. माझ्याकडच्या नाटकांच्या चित्रमुद्रणांपैकी एकातही असं वर्णन मला सापडलेलं नाही.

संगीत नाटकात मोकळी जागा कुठे, असं कुणी विचारील. विचार रास्त आहे. आलापावर कुणी बोलू लागलं तर मीच पहिला टीव्ही बंद करीन! पण नांदीच्या आधी पाच मिनिटं आहेत. महाल कसा आहे, दार कुठल्या बाजूला, कुणाच्या अंगावर काय, हे सगळं तिथेच सांगून टाकता येईल. सूत्रधाराची परंपरा आपल्याकडे आहेच, नवा माणूस शोधायला नको. पुढे ऑर्गनचे सुरुवातीचे सूर आहेत, टाळ्या आहेत, वन्समोअर आहे. कट्यारीला तर एक-एक शब्द पुरे. ‘उपसली.’ ‘म्यान केली.’ तेवढी जागा तबला नक्की देतो.