पावले जुळली की प्रकाश

हैदराबादच्या दिलसुखनगर भागात संध्याकाळच्या वेळी मेट्रोच्या स्थानकावरून खाली उतरावे, तो शिकवणीवर्गांच्या पाट्यांची दाटी दृष्टीस पडते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हैदराबादची वाट निजामाच्या अमदानीपासून ठाऊक आहे. या गल्ल्यांतील वर्गांत पदार्थविज्ञानाचे एक उदाहरण हटकून सोडवून घेतले जाते. एक इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात शिरतो; त्याचा मार्ग कसा वळेल ते सांगा. तयारीचा विद्यार्थी दोन मिनिटांत उत्तर काढतो, चार पर्यायांपैकी एकावर खूण करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

परंतु त्या उदाहरणाला एक दुसरा भागही आहे. वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन वळला की तो थोडा प्रकाश सांडतो. हा सांडलेला प्रकाश गोळा करून, एका लयीत आणून, त्याचा लेसर करता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढण्यास काही वर्षे पुरली. ते यंत्रातून काढावयाचे तर माणसांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडतो. आपल्या देशात हे उत्तर काढण्याचे काम होळकरांच्या इंदूरात, सुखनिवासाच्या परिसरात झाले. त्या कामाची कथा दिलसुखनगरातील तरुणांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

प्रथम नेहमीचा लेसर कसा असतो ते पाहू. अणूला प्रकाशाचा धक्का देऊन त्याच्याकडून तसाच, त्याच लयीचा प्रकाश काढून घेता येतो, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ साली दाखविले. या गोष्टीस उद्दीपित उत्सर्जन म्हणतात. तिचा उपयोग करून अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेसर उजळविला. या लेसरांतील इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले असतात. त्यामुळे प्रकाशाचा रंगही अणूच ठरवितो. बाजाच्या पेटीची एक पट्टी एकच सूर देते. दुसरा सूर हवा तर दुसरी पट्टी दाबावी लागते. सारंगीची गोष्ट निराळी. तिच्या तारेवर बोट सरकवीत नेले की दोन स्वरांमधील कोणतीही जागा घेता येते. इलेक्ट्रॉनाला अणूच्या बंधनातून सोडविले, तर लेसरालाही असे सारंगीपण येईल, ही कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन मेडी यांनी १९७१ साली मांडली. १९७६ साली त्यांच्या गटाने मुक्त इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने दुसऱ्या लेसराचा प्रकाश वाढवून दाखविला, आणि १९७७ साली यंत्राने स्वतःचा लेसर दिला. मुक्त इलेक्ट्रॉन लेसर तो हाच.

या यंत्राचे तीन भाग मानता येतील. पहिला कणवेगवर्धक. त्यात इलेक्ट्रॉनांचे पुंजके सूक्ष्मतरंगांच्या लाटेवर स्वार होऊन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचतात. दुसरा भाग म्हणजे चुंबकांची लांब माळ. तीत उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने मांडलेले असतात. तिला अंड्युलेटर म्हणतात. तीतून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो आणि प्रत्येक वळणाला प्रकाश सोडतो. तिसरा भाग म्हणजे दोन्ही टोकांस समोरासमोर ठेवलेले आरसे. ते हा प्रकाश मागेपुढे परतवीत राहतात.

चुंबकाची एक आवृत्ती पाच सेंटिमीटरांची असताना तिच्यातून सेंटिमीटरांत मोजण्याजोगा तरंग न निघता सूक्ष्म तरंग कसा निघतो, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर सापेक्षतावादात आहे. समजा, इलेक्ट्रॉनाची ऊर्जा १८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे त्याची ऊर्जा स्थिर असतानाच्या मूल्याच्या सुमारे ३६ पट झाली. अशा इलेक्ट्रॉनाला समोरून येणारी चुंबकमाळ तितक्याच पटीने आखूड दिसते. पाच सेंटिमीटरांचे दीड मिलिमीटरही उरत नाही. शिवाय तो प्रकाश सोडतो तो स्वतः त्याच दिशेने धावत असताना. त्यामुळे तरंगलांबी आणखी सुमारे ७२ पट आखडते. अशा रीतीने सेंटिमीटरांची माळ मायक्रॉनांचा प्रकाश देते. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा किंवा चुंबकांची शक्ती बदलली की तरंगलांबी बदलते. सारंगीवरचे बोट ते हेच.

पण एवढ्याने लेसर होत नाही. आरंभी प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या लहरीने प्रकाश सोडतो. मैदानावर जमलेल्या मुलांच्या हाती लेझीम दिले आणि हलगी मात्र वाजविली नाही, तर जो कलकलाट होईल तशी ही अवस्था असते. आरशांतून परतलेला प्रकाश नव्या पुंजक्याबरोबर चालू लागला की तो हलगीचे काम करतो. तो काही इलेक्ट्रॉनांना किंचित पुढे ढकलतो, काहींना मागे ओढतो. त्यांचे बारीक बारीक थर पडतात आणि त्या थरांतील अंतर तरंगलांबीएवढे होते. पावले जुळतात, आणि कलकलाटाचा ठेका होतो.

आता इंदूरकडे वळू. शहराच्या राजेंद्रनगर भागाला लागून, सुखनिवास तलावाच्या आसमंतात, प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाली. लेसर आणि कणवेगवर्धक या दोन विद्यांसाठीच ही संस्था अणुऊर्जा विभागाने काढली. डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे तिचे संस्थापक-संचालक. ते स्वतः लेसरविद्येतील जाणते. संस्थेचा ‘इंडस-१’ हा ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा वर्तुळाकार साठवण-मार्ग १९९९ साली चालू झाला. त्याहून पुष्कळ मोठ्या, १७२ मीटर परिघाच्या ‘इंडस-२’मध्ये २००५ साली इलेक्ट्रॉन फिरू लागले. त्याच वर्षी संस्थेला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. या दोन्ही यंत्रांतून निघणारा प्रकाश उपयुक्त आहे, तेजस्वी आहे. परंतु तो लेसर नव्हे. तेथील इलेक्ट्रॉनांची पावले जुळलेली नसतात.

ती जुळवावीत म्हणून या संस्थेने अवरक्त मुक्त इलेक्ट्रॉन लेसर हाती घेतला. १२.५ ते ५० मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात तो चालावा अशी त्याची आखणी होती. हा पट्टा उगाच निवडलेला नाही. घन पदार्थांतील अणू ज्या कंप्रतांनी थरथरतात, त्यांपैकी पुष्कळ कंप्रता या पट्ट्यात येतात. अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पदार्थ कसे वागतात ते तपासण्यास असा प्रकाश हवा असतो. आणि हवी ती तरंगलांबी देणारे प्रबळ लेसर या पट्ट्यात फार थोडे आहेत.

यंत्र उभे राहिले म्हणजे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः अर्धे काम तेव्हा सुरू होते. इलेक्ट्रॉनांच्या वाटेतील नळ्यांतून हवा काढून टाकून निर्वात साधावा लागतो. वेगवर्धकाच्या तांब्याच्या पोकळ्यांत एकदम पूर्ण शक्ती सोडता येत नाही. आत ठिणग्या उडतात, निर्वात बिघडतो, यंत्र आपोआप थांबते. शक्ती थोडी उतरवून पुन्हा वाढवावयाची, पुन्हा थांबावयाचे, असा क्रम दिवसचे दिवस चालतो. सूक्ष्मतरंगांचे हेलकावे सेकंदाला सुमारे २८६ कोटी. इलेक्ट्रॉनांचा पुंजका त्यांतील नेमक्या क्षणी लाटेवर चढला पाहिजे. क्षण चुकला की ऊर्जा विखुरते. पडद्यावर पुंजक्याचा पहिला ठिपका चमकतो त्या दिवशी प्रयोगशाळेत आनंद होतो खरा, पण तो ठिपका बारीक आणि स्थिर होण्यास पुढे फार काळ जातो.

यापुढे आरशांची परीक्षा. समजा, आरसे पाच मीटर अंतरावर आहेत. प्रकाशाची जाऊन येऊन एक फेरी ३३ अब्जांश सेकंदात पुरी होते. इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांची एक रांग दहा दशलक्षांश सेकंद टिकली, तर प्रकाशाला तीनशे फेऱ्या मिळतात. परतलेला प्रकाश आणि नवा पुंजका यांची गाठ चुंबकमाळेच्या तोंडाशी बरोबर पडली पाहिजे. म्हणून आरशांतील अंतर काही मायक्रॉनांच्या आत जुळवावे लागते.

येथे हिशेब चक्रवाढ व्याजाचा आहे. प्रत्येक फेरीत, आरशांत जाणारी तूट वजा करून, निव्वळ दहा टक्के भर पडली, तर सुमारे १२० फेऱ्यांत प्रकाश लाखपट होतो. तीच भर एक टक्क्यावर आली, तर तीनशे फेऱ्या होऊनही तो जेमतेम वीसपट होतो. आणि तूट भरीच्या बरोबरीची झाली, तर यंत्र सर्व अंगांनी चालत असूनही लेसर होत नाही. पुंजका किंचित पसरला, आरसा केसभर कलला, चुंबकमाळ जरा सरकली, यांपैकी कोणताही दोष एकटा लहान असतो. परंतु सर्वांचे व्याज एकाच खात्यात लागते. नेमका दोषी कोण, हे शोधून काढणे हीच खरी विद्या. ती कोणत्याही यंत्राच्या पेटीबरोबर विकत येत नाही.

इंदूरच्या शास्त्रज्ञांनी हे साधले. त्यांचा वृत्तांत २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३७ मायक्रॉन तरंगलांबीला लेसरक्रियेची पहिली खूण मिळाली. बाहेर आलेल्या प्रकाशाची शक्ती, नुसत्या उत्स्फूर्त उत्सर्जनाने अपेक्षित असलेल्या शक्तीच्या एक लाख पट भरली. माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा तो तरंग डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत झगमगाट झाला नाही. संवेदकाला जोडलेल्या पडद्यावरील एक रेघ उंच चढली, इतकेच. परंतु त्या रेघेने सांगितले की पावले जुळली आहेत.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो ऐकलाच पाहिजे. जग तोवर कितीतरी पुढे गेले होते. स्टॅनफर्ड येथील यंत्राने २००९ सालीच क्ष-किरणांचा लेसर दिला. क्ष-किरणांना साधे आरसे चालत नाहीत. म्हणून तेथे शंभराहून अधिक मीटर लांबीच्या चुंबकमाळेतून एकाच फेरीत पावले जुळवावी लागली. जपानचे यंत्र २०११ साली लेसर देऊ लागले. जर्मनीत हांबुर्गजवळ ३.४ किलोमीटर लांबीचे युरोपीय यंत्र २०१७ साली सुरू झाले. ते सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकते. स्टॅनफर्डच्या नव्या अतिसंवाहक वेगवर्धकाने २०२३ साली पहिला प्रकाश दिला. त्याची आखणी सेकंदाला दहा लाख स्पंदांची आहे. अशा जगात अवरक्ताचे एक लहानसे यंत्र चालू करून काय साधले?

याचे उत्तर असे की, या शिडीला मधल्या पायऱ्या गाळण्याची सोय नाही. स्टॅनफर्डलाही १९७७च्या अवरक्त लेसरापासून २००९च्या क्ष-किरणांपर्यंत यावयास बत्तीस वर्षे लागली. पुंजका बारीक ठेवणे, क्षण साधणे, चुंबकमाळ पारखणे, दोष हुडकणे ही कौशल्ये ज्यांच्या हाती एकदा बसली, त्यांनाच पुढचे यंत्र उभारता येते. ती माणसे पांगली तर कागद उरतात, विद्या उरत नाही. तेव्हा येथे पणाला लागते ते केवळ एक यंत्र नव्हे. एका पिढीने कमावलेला हात दुसऱ्या पिढीला मिळतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी पावलेही पडत आहेत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने ‘दिल्ली प्रकाशस्रोत’ हाती घेतला. तेथे पुंजकेच आधी बारीक थरांत पाडून पाठविण्याची योजना आहे. खुद्द हैदराबादेत, दिलसुखनगरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तेथील संशोधकांनी २०२४ साली उलट दिशेची वाट दाखविली. सूक्ष्म थेंबांवर लेसराचे स्पंद पाडून त्यांनी लहान लेसरानेही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या घरातील इलेक्ट्रॉन मिळविले. इंदुरास इलेक्ट्रॉनांपासून लेसर, तर हैदराबादेत लेसरापासून वेगवान इलेक्ट्रॉन. या दोन वाटांचा संबंध उघड आहे.

दिलसुखनगरच्या वर्गात आज रात्रीही ते उदाहरण फळ्यावर लिहिले जाईल. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात शिरला. त्याचा मार्ग सांगा. दोन मिनिटांत उत्तर देणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. त्यांच्यापैकी मोजक्यांना तरी, त्या उत्तराच्या पुढचा भाग सोडविण्यासाठी वीस वर्षे एका यंत्रापाशी बसावेसे वाटले पाहिजे. आणि तसे बसणाऱ्याला समाजाने वेडा म्हणता कामा नये. एरवी आरसे असतील, चुंबक असतील, वीजही असेल. परंतु हलगी वाजविणारा कोणी असणार नाही.